टायफॉइडची जुनी लस आणि नवी लस: आत साखर तीच, मग बाळांना नवीच का लागू पडते?

नर्सिंग_ट्यूटर:

एएनएम आणि जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमांच्या विद्यार्थिनींना लसीकरण शिकवताना हा मुद्दा दरवेळी अडतो. पुस्तकात एका ओळीत उरकलेला असतो आणि मुली पुढचा प्रश्न विचारतात.

टायफॉइडची जुनी इंजेक्शनची लस म्हणजे व्हीआय पॉलिसॅकराइड (टायफॉइडच्या जंतूच्या आवरणातली साखर), 0.5 मिलीत 25 मायक्रोग्रॅम. ती 2 वर्षांखाली देत नाहीत, आणि मोठ्यांनाही दर 3 वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते. नवी कॉन्जुगेट लस, म्हणजे टीसीव्ही, 6 महिन्यांपासून चालते. त्यातही व्हीआय 25 मायक्रोग्रॅमच, फक्त टिटॅनस टॉक्सॉइडला (टिटॅनसच्या जंतूचं निष्प्रभ केलेलं विष, एक प्रथिन) जोडलेलं. 2018 साली नवी मुंबई महानगरपालिकेने 9 महिने ते 14 वर्षांच्या मुलांना मोहिमेत दिली ती हीच.

आता प्रश्न. टी पेशीला साखर ओळखता येत नाही, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मग साखरेविरुद्ध अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशीला ती मदत करते ती कशाच्या जोरावर? साखर एका मांडीत आणि टिटॅनसची लस दुसऱ्या मांडीत दिली, तर तोच परिणाम का मिळत नाही? आणि टोचल्यापासून अँटीबॉडी रक्तात येईपर्यंत कोणत्या दिवशी नेमकं काय घडतं? कृपया सोपं करताना चुकीचं करू नका, मुली हुशार आहेत.

लसिका:

तुमच्या प्रश्नाची किल्ली "जोडलेलं" या शब्दात आहे. साखर आणि प्रथिन यांच्यात रासायनिक बंध असतो. तो नसेल तर ही लस जुन्या लसीइतकीच राहते.

आधी दोन पेशींच्या नजरेतला फरक. बी पेशीच्या पृष्ठभागावर तिची अँटीबॉडीच ग्राहक (रिसेप्टर) म्हणून रोवलेली असते. ती प्रतिजन, म्हणजे ज्याविरुद्ध अँटीबॉडी बनते तो पदार्थ, अख्खा, जसा आहे तसा पकडते. प्रथिन असो, साखर असो, आकार जुळला की झालं. टी पेशीचं तसं नाही. तिला प्रथिनाचे लहान तुकडे लागतात, साधारण 13 ते 25 अमिनो आम्लांचे, आणि तेही दुसऱ्या एखाद्या पेशीने एचएलए-डीआरसारख्या रेणूच्या खाचेत बसवून दाखवले तरच दिसतात. व्हीआयसारखी साखर त्या खाचेत बसत नाही. म्हणून व्हीआय "ओळखणारी" मदतनीस टी पेशी शोधायला गेलात तर सापडणार नाही. असते ती टिटॅनस टॉक्सॉइडचा तुकडा ओळखणारी.

आता कॉन्जुगेट टोचल्यावर पाहा. व्हीआय ओळखणारी बी पेशी साखरेला पकडते आणि पकडलेला अख्खा कण आत ओढते. साखरेला टॉक्सॉइड चिकटलेलं आहे, त्यामुळे तेही सोबत आत जातं. आत विकरं (एन्झाइम) प्रथिनाचे तुकडे करतात, ते तुकडे एचएलए-डीआरवर चढतात आणि पेशीच्या बाहेर मांडले जातात. म्हणजे साखर ओळखणारी बी पेशी बाहेर टिटॅनसचा तुकडा दाखवत उभी आहे. टिटॅनसवाली टी पेशी तो तुकडा ओळखते आणि मदत देते. साखर या व्यवहारात तिला कधीच दिसत नाही. जॉइंट खात्यावर दोघांच्या सह्या लागतात तसं हे आहे: दोन वेगळ्या पेशी, दोन वेगळ्या ओळखी, पण चेक एकच.

दोन मांड्यांत वेगळं दिलं तर का चालत नाही, ते यातच आलं. सुटं टॉक्सॉइड व्हीआयवाल्या बी पेशीला चिकटत नाही, ते टिटॅनसवाल्या बी पेशी उचलतात आणि मदत त्यांना मिळते. व्हीआयवाल्या बी पेशीकडे दाखवायला तुकडाच नाही. एवढंच कशाला, दोन्ही एकाच सिरिंजमध्ये नुसतं मिसळून दिलं तरीही हेच होईल. वर्गात हाच प्रश्न परीक्षेसारखा विचारा: "मिसळलं आणि जोडलं, यात फरक काय?" ज्या मुलीला हे सांगता आलं तिला विषय कळला.

"मदत" म्हणजे प्रत्यक्षात काय, हेही सांगायला हवं, कारण इथे पुस्तकं फार मोघम होतात. टी पेशीच्या अंगावर सीडी40 लिगँड नावाचं प्रथिन उगवतं. ते बी पेशीच्या सीडी40 ला स्पर्श करतं, म्हणजे दोन पेशी एकमेकींना खेटायलाच हव्यात. सोबत टी पेशी त्या सांध्यात इंटरल्यूकिन-4, इंटरल्यूकिन-21 हे संदेशवाहक रेणू सोडते. हे दोन्ही मिळाले की बी पेशी भराभर विभागते, आयजीएम या सुरुवातीच्या अँटीबॉडीवरून आयजीजी या प्रकारावर वळते आणि स्मृती ठेवू शकते. याचा पुरावा एका जन्मजात आजारात आहे. एक्स गुणसूत्रावरच्या दोषामुळे सीडी40 लिगँडच नीट बनत नाही अशा मुलग्यांमध्ये बी आणि टी पेशींची संख्या बहुधा ठीक असते, आयजीएम नेहमीइतकं किंवा जास्त असतं, पण आयजीजी आणि आयजीए तळाला. पेशी हजर आहेत, बोलणं तुटलेलं आहे.

जुन्या लसीतली सुटी साखर मग काहीच करत नाही का? करते. व्हीआय म्हणजे एकाच घटकाची लांबलचक साखळी. ती एका बी पेशीचे अनेक ग्राहक एकदम ओढून धरते आणि तेवढ्या जोरावर बी पेशी टी पेशीविना जागी होते. पण या वाटेने जर्मिनल सेंटर (बी पेशी सुधारून निवडल्या जातात ती जागा) नीट उभं राहत नाही, स्मृती जवळजवळ बसत नाही, आणि पुन्हा डोस दिला तरी उसळी येत नाही. शिवाय हे काम मुख्यतः प्लीहेच्या मार्जिनल झोनमधल्या बी पेशींचं, आणि तो भाग दीड-दोन वर्षांपर्यंत कच्चा असतो. 2 वर्षांची अट आली ती तिथून.

जर्मिनल_सेंटर:

लसिका यांनी मुख्य गाठ सोडवली आहे. मी दिवसांचा हिशेब देतो. आकडे ढोबळ आहेत, पहिला डोस की बूस्टर यावर बदलतात.

पहिले काही तास. बाळाला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या स्नायूत 0.5 मिली गेलं की द्रवाबरोबर थोडा प्रतिजन आपोआप लसिकावाहिनीतून जांघेच्या गाठींकडे (लसिकाग्रंथींकडे) वाहतो. मोठ्यांना दंडात दिलं तर काखेच्या गाठींकडे. गाठीच्या काठावरचे मॅक्रोफेज (भक्षक पेशी) तो धरतात आणि बी पेशींच्या पुंजक्याकडे पुढे करतात. बी पेशींना प्रतिजन मिळतो तो मोठ्या अंशी असा, अख्खा.

दिवस 1 ते 2. टोचलेल्या जागी डेंड्रायटिक पेशींनी (प्रतिजन गिळून टी पेशींना दाखवणाऱ्या पेशी) कण गिळलेले असतात. त्यांच्यावर सीसीआर7 हा ग्राहक येतो, त्याच्या मागाने त्या गाठीतल्या टी पेशींच्या भागात पोहोचतात आणि प्रथिनाचे तुकडे मांडतात. कोऱ्या टी पेशींत एखादा विशिष्ट तुकडा ओळखणारी पेशी लाखात किंवा दहा लाखांत एखादी असते. ती सापडण्यासाठी पेशींची सतत ये-जा लागते, आणि सापडल्यावरही नुसती ओळख पुरत नाही. डेंड्रायटिक पेशीवर सीडी80 आणि सीडी86 हे टी पेशीला चालना देणारे रेणू आलेले असावे लागतात. धोक्याची खूण नसेल तर ते पुरेसे येत नाहीत आणि टी पेशी जागी होण्याऐवजी थंड पडते. अनेक लसींत ॲल्युमिनियमचं सहायक (प्रतिसाद वाढवणारा घटक) घालतात ते यासाठीच.

दिवस 3 ते 5. जागी झालेली टी पेशी आणि प्रतिजन पकडलेली बी पेशी, दोघी आपापली जागा सोडून मधल्या सीमेवर येतात. लसिका यांनी सांगितलेली भेट होते ती इथे. भेटीनंतर बी पेशींच्या दोन वाटा होतात. काही लगेच अल्पायुषी प्लाझ्मा पेशी (अँटीबॉडी ओतणाऱ्या पेशी) बनून आयजीएम आणि थोडं आयजीजी ओतायला लागतात. पहिल्या डोसनंतर रक्तात आठवडा-दहा दिवसांनी दिसतात त्या अँटीबॉडी बहुतेक यांच्याच. उरलेल्या बी पेशी जर्मिनल सेंटर उभारतात. एक बारीक दुरुस्ती: आयजीएमवरून आयजीजीवरचा बदल जर्मिनल सेंटरमध्येच होतो असं बहुतेक पुस्तकांत आहे. उंदरांवरच्या अलीकडच्या कामात तो बराचसा त्याआधी, या सीमेवरच झालेला दिसतो.

आठवडा 2 पासून पुढे. जर्मिनल सेंटर हा माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग, तेव्हा इथे जरा थांबू या. त्याचे दोन विभाग असतात. गडद भागात बी पेशी 6 ते 12 तासांत एकदा विभागतात आणि एआयडी नावाचं विकर त्यांच्या अँटीबॉडीच्या जनुकात मुद्दाम चुका करतं, प्रत्येक विभाजनाला साधारण 1000 अक्षरांमागे एक. मग त्या उजळ भागात येतात. तिथे फॉलिक्युलर डेंड्रायटिक पेशींनी लसीचा प्रतिजन आठवडेच्या आठवडे अंगावर धरून ठेवलेला असतो. (नाव सारखं असलं तरी या पेशी वेगळ्या. या गिळत नाहीत आणि टी पेशीला तुकडे दाखवत नाहीत, अख्खा प्रतिजन टांगून ठेवतात.) ज्या बी पेशीचा ग्राहक सुधारला ती जास्त प्रतिजन खेचून घेते, जास्त तुकडे मांडते, आणि फॉलिक्युलर मदतनीस टी पेशीकडून तिला जास्त मदत मिळते. ज्यांचा बिघडला किंवा तसाच राहिला त्यांना मदत पुरत नाही. त्या मरतात, मॅक्रोफेज त्यांना उचलतात. जिंकलेल्या पुन्हा गडद भागात. टी पेशी इथे परीक्षक असते, आणि तिची मदत मर्यादित असल्यामुळेच निवड कडक होते.

इथून दोन प्रकारच्या पेशी बाहेर पडतात: स्मृती बी पेशी आणि दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी. प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेत जाऊन बसते, तिथल्या आधारपेशी तिला जगवतात, आणि ती सेकंदाला हजारो अँटीबॉडी सोडत राहते. आयजीजीचं रक्तातलं अर्धायुष्य जेमतेम 21 दिवस. म्हणजे वर्षानंतर अँटीबॉडी सापडली तर ती लसीनंतर लगेच बनलेली नसते, कुठेतरी जिवंत पेशी ती आजही बनवते आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घकाळच्या अभ्यासात टिटॅनसविरोधी अँटीबॉडीची पातळी निम्मी व्हायला सुमारे 11 वर्षं लागतात असं दिसलं. या दोन आकड्यांतला फरक मुलींना फळ्यावर लिहून दाखवा.

दोन डोसांतल्या अंतराचं कारणही हेच. निवड आठवडेच्या आठवडे चालते. फार लवकर दुसरा डोस दिला तर अजून न निवडलेल्या पेशींनाच चिथावणी मिळते, आणि रक्तातली ताजी अँटीबॉडी नव्या प्रतिजनाचा काही भाग गिळंकृत करायला लावते. पेंटाव्हॅलेंट (पाच आजारांची एकत्र लस) 6, 10, 14 आठवड्यांना देतो, ते 4 आठवड्यांचं अंतर कमीत कमी आहे, उत्तम नव्हे. बाळाला संरक्षण लवकर हवं म्हणून केलेली ती तडजोड, आणि तिची भरपाई 16 ते 24 महिन्यांच्या डीपीटी बूस्टरने होते. हिपॅटायटिस बीच्या 0, 1, 6 महिन्यांतला शेवटचा डोस म्हणूनच लांब ठेवलेला असतो: तोवर उत्तम स्मृती पेशी तयार असतात आणि उसळी मोठी येते. उशीर झाला तर मालिका पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, स्मृती पेशी वाट पाहतात. लवकर देणं मात्र चूक.

लसिका:

एक भर घालते, कारण ती आपल्या वेळापत्रकाशी थेट जोडलेली आहे. 6 ते 9 महिन्यांच्या बाळाला टीसीव्ही देतो तेव्हा पेंटाव्हॅलेंटचे तीन डोस झालेले असतात आणि त्यात टिटॅनस टॉक्सॉइड असतंच. म्हणजे टिटॅनसवाल्या मदतनीस टी पेशी आधीच वाढून तयार असतात. दिवस 1-2 चा "लाखात एक" शोध त्यामुळे बराच सोपा होतो, आणि व्हीआयवाल्या बी पेशीला पहिल्याच डोसला मदत मिळते. पेंटाव्हॅलेंट चुकलेल्या बाळाला टीसीव्ही देऊ नये असा याचा अर्थ अजिबात नाही. पण चुकलेली पेंटाव्हॅलेंटही त्याच भेटीत सुरू करा.

नर्सिंग_ट्यूटर:

दोघांचेही मनापासून आभार. "मिसळलं की जोडलं" हा प्रश्न उद्याच वर्गात जाणार.

आता केंद्रावरचे तीन प्रश्न, मुलींना प्रत्यक्षात हेच भेडसावतात. लस गोठली तर या साखळीतला कोणता दुवा तुटतो? टीसीव्ही घेतलेल्या मुलाला ताप आला आणि विडाल (टायफॉइडची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आली, तर ती लसीमुळे का? आणि टोचण्याआधीच पॅरासिटामॉल पाजून आणणाऱ्या आयांना काय सांगायचं?

शीतसाखळी:

गोठण्याबद्दल मी सांगतो. इथे दोन प्रकारच्या लसी वेगळ्या धरा.

पेंटाव्हॅलेंट, डीपीटी, टीडी (टिटॅनस-घटसर्प), हिपॅटायटिस बी, पीसीव्ही (न्यूमोकॉकसची कॉन्जुगेट लस) यांत ॲल्युमिनियमचं सहायक असतं. प्रतिजन त्या बारीक कणांवर बसलेला असतो. गोठताना बर्फाचे स्फटिक कणांना एकमेकांवर दाबतात आणि कणांचे गोळे होतात. वितळल्यावर ते सुटत नाहीत. डेंड्रायटिक पेशीला सोयीचे बारीक कण आणि त्यांच्यासोबतची धोक्याची खूण, दोन्ही बिघडतात. म्हणजे दुवा पहिलाच तुटतो, पुढची साखळी कमजोरच चालते. वर जागेवर गाठ किंवा गळू होण्याची शक्यता वाढते.

शंका आली तर शेक टेस्ट. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम उणे 20 अंशांना रात्रभर ठेवून पूर्ण गोठवा, तिच्यावर "गोठवलेली, वापरू नये" असं लिहा आणि वितळू द्या. मग ती आणि संशयित कुपी एकाच हातात धरून 10 ते 15 सेकंद जोरात हलवा, सपाट टेबलावर शेजारी ठेवा आणि 30 मिनिटांपर्यंत उजेडात पाहा. संशयित कुपीतला गाळ गोठवलेलीपेक्षा सावकाश बसला तर लस चांगली. तितक्याच वेगाने किंवा लवकर बसला तर सगळी बाजूला काढा. कुपी समोरच घट्ट गोठलेली दिसली तर टेस्ट करत बसू नका, ती गेलीच.

प्रचलित टीसीव्हीत ॲल्युमिनियम नाही, ती स्वच्छ द्रव असते. तिला शेक टेस्ट लागू नाही, कारण बसायला गाळच नाही. गोठली तर सरळ टाकायची. उष्णतेने तिचं वेगळं नुकसान होतं: साखर-प्रथिनाचा बंध सुटू लागतो आणि सुटी साखर वाढते. ती साखर बी पेशीला चिकटते पण टी पेशीची मदत आणत नाही. म्हणजे कुपी बाहेरून तीच, आत मात्र ती हळूहळू जुन्या लसीकडे सरकते.

आणि व्हीव्हीएमवर, म्हणजे कुपीवरच्या रंग बदलणाऱ्या खुणेवर, विसंबू नका. तो फक्त उष्णता नोंदवतो, गोठणं नाही. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असतानाही लस गोठून खराब झालेली असू शकते. बहुतेक वेळा हे व्हॅक्सिन कॅरियरमध्ये घडतं, फ्रीजरमधून काढलेले आईस पॅक लगेच भरल्यामुळे. पॅक बाहेर ठेवा, त्यावर पाणी सुटू द्या, कानाशी हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच भरा.

पेशी_आणि_पेशंट:

विडाल: नाही, टीसीव्हीमुळे ती पॉझिटिव्ह येत नाही. विडाल जंतूच्या ओ आणि एच या दुसऱ्या प्रतिजनांविरुद्धच्या अँटीबॉडी शोधते, आणि लसीत शुद्ध केलेलं व्हीआय आणि टिटॅनस टॉक्सॉइड एवढंच. उलट, लस घेतली आहे म्हणून ताप टायफॉइडचा नसेलच असंही धरू नका. नेपाळ, मलावी, बांगलादेश इथल्या चाचण्यांत संरक्षण 80 टक्क्यांच्या आसपास किंवा थोडं जास्त निघालं, शंभर नव्हे. आणि टोचल्यानंतर पहिल्या दोन आठवड्यांत ताप आला असेल तर वर दिलेला दिवसांचा हिशेब आठवा: अँटीबॉडी अजून पुरेशा उतरलेल्याच नाहीत. एकट्या विडालवर निदान करू नये. अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी ब्लड कल्चर घ्या, तापाच्या पहिल्या आठवड्यात ते सापडण्याची शक्यता सर्वाधिक.

पॅरासिटामॉल: टोचण्याआधी किंवा लगेच, ताप नसताना, देऊ नका. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या चेक प्रजासत्ताकातल्या अभ्यासात असं प्रतिबंधक पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांमध्ये काही लसींच्या अँटीबॉडी कमी निघाल्या. बहुतेक बाळांत पातळी संरक्षणाच्या रेषेवरच राहिली, म्हणून आधीच पाजून आणलेल्या आईला घाबरवू नका, बाळाला लस द्याच. नंतर खरोखर ताप चढला, बाळ किरकिरतंय, तर वजनाप्रमाणे 10 ते 15 मिलिग्रॅम प्रति किलो द्या. औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या असतात, त्यामुळे "अर्धा चमचा" असं सांगू नका. लेबल वाचून मिलीत सांगा.

या साखळीचा उपयोग आणखी दोन ठिकाणी होतो. रिटुक्सिमॅब सुरू होणार असलेल्या रुग्णाला लसी आधी द्या, शक्यतो 4 आठवडे, निदान 2. ते औषध सीडी20 हे प्रथिन अंगावर असलेल्या बी पेशी संपवतं. प्लाझ्मा पेशीवर सीडी20 नसतं, म्हणून जुन्या लसींच्या अँटीबॉडी बऱ्याच टिकतात, पण औषधानंतर निदान 6 महिने नव्या लसीला प्रतिसाद द्यायला बी पेशीच नसतात. तेव्हा टोचून "लस लागली नाही" म्हणणं त्या रुग्णावर अन्याय आहे.

दुसरं, प्लीहा काढायची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या जंतूंच्या लसी किमान 2 आठवडे आधी. अपघातात तातडीने काढावी लागली तर शस्त्रक्रियेनंतर 14 दिवसांनी. न्यूमोकॉकसची आधी कॉन्जुगेट, आणि 23 प्रकारांची साधी पॉलिसॅकराइड द्यायची असल्यास ती 8 आठवड्यांनी. क्रम उलटवू नका: सुटी साखर आधी गेली तर ती असलेल्या स्मृती पेशींना प्लाझ्मा पेशी बनवून खर्ची घालते, बदल्यात नव्या स्मृती पेशी तयार होत नाहीत, आणि मागून आलेल्या कॉन्जुगेटला प्रतिसाद फिका पडतो.

नर्सिंग_ट्यूटर:

क्रमाचं कारण पहिल्यांदाच इतकं स्वच्छ कळलं. एकच राहिलं: टीसीव्ही 9 महिन्यांच्या एमआर (गोवर-रुबेला) लसीबरोबर त्याच दिवशी द्यायची का?

पेशी_आणि_पेशंट:

हो, देता येते. सिरिंज वेगळ्या, जागा वेगळ्या: एमआर उजव्या दंडात त्वचेखाली, टीसीव्ही मांडीत स्नायूत. दोन्ही एकाच मांडीत द्यायची वेळ आली तर टोचण्यांत निदान अडीच सेंटिमीटर अंतर ठेवा, आणि कोणती कुठे दिली ते कार्डावर लिहा.